एसपीआयवर ३-३ बाइटचं रीडिंग स्लो का पडतं?

तू म्हणतोयस रास्पबेरी पाय ४ वर एसपीआयने (चिप्स जोडायच्या सिरियल वायरिंगने) एडीसी, म्हणजे अॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप, जोडली आहे, क्लॉक १० मेगाहर्ट्झ, दर वेळी ३ बाइट वाचतोस, तरी सॅम्पल फारच कमी येतायत. अरे ३ बाइट म्हणजे २४ बिट, वायरवर जेमतेम २.४ मायक्रोसेकंद, बाकी सगळा वेळ खातोय लिनक्सचा कर्नल, त्यामुळे क्लॉक वाढवून काडीचा फरक पडणार नाही. पुण्यात पीएमपीच्या बसने स्वारगेटला जाताना बस पळतेच, वेळ जातो तो स्टॉपवर, तसंच आहे हे.

आधी स्पायडेव्हमधून (प्रोग्रॅममधून एसपीआय वापरायचा लिनक्सचा तयार ड्रायव्हर) एकेक रीड मारणं बंद कर, एकाच आयओसीटीएलमध्ये, म्हणजे कर्नलला केलेल्या एका कॉलमध्ये, बरेच ट्रान्सफर भर, आणि प्रत्येक सॅम्पलला चिप सिलेक्ट (चिपला 'आता तुझ्याशी बोलतोय' सांगणारी वायर) वरखाली लागत असेल तर ट्रान्सफरमधलं सीएस_चेंज १ ठेव, फक्त शेवटच्या ट्रान्सफरला ठेवू नको, तिथे त्याचा अर्थ उलटा होतो, चिप सिलेक्ट चालूच राहतो.

स्वतःचा ड्रायव्हर लिहीत असशील तर मेसेज (ट्रान्सफरची यादी) प्रोबमध्येच, म्हणजे ड्रायव्हर सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, एकदा बनव आणि तोच परत परत पाठव. कर्नल ६.९ पासून एसपीआय_ऑप्टिमाइझ_मेसेज हे फंक्शन आलंय, तपासणी वगैरे एकदाच होते, नंतर बफरमधला डेटा बदलला तरी चालतो, पॉइंटर आणि लांबी मात्र बदलायची नाही.

डीएमएच्या (सीपीयूशिवाय डेटा थेट मेमरीत नेण्याच्या) नादी लागू नकोस, इतक्या छोट्या ट्रान्सफरला त्यासाठी मेमरी तयार करण्याचा (मॅपिंगचा) खर्चच जास्त, आणि पायचा ड्रायव्हर ९६ बाइटच्या खाली डीएमए वापरतच नाही, ३ बाइटला तर पोलिंगच करतो, म्हणजे सीपीयू स्वतः थांबून बघत राहतो.

आणि अंदाजाने काही बदलू नको, पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) स्वस्तातला लॉजिक अॅनालायझर, म्हणजे वायरवरचे सिग्नल दाखवणारं यंत्र, मिळतो, १० मेगाहर्ट्झचा डेटा त्यावर नीट नाही दिसणार पण दोन चिप सिलेक्टमधली गॅप मस्त दिसते.