आधी आपलं, मग लोकांचं

प्रिय,

रात्री दोनला लिहिलेलं तुझं पत्र मिळालं. 'फनी गेम्स' हा चित्रपट पाहिलास, झोप उडाली, चार पानं खरडलीस. मग कुणी त्याला थोर म्हटलेलं वाचलंस, कुणी विकृत, आणि चारही पानांवर काट मारलीस. आता मला विचारतेस, बरोबर कोण?

अगं, पण काट मारलीस कशाला?

दोन पोरं एका कुटुंबाला त्यांच्याच घरात ओलीस धरून छळतात, एवढीच गोष्ट. ऑस्ट्रियन दिग्दर्शक मायकेल हानेकेचा हा चित्रपट १९९७ साली कान महोत्सवात दाखवला तेव्हाही काही जण उठून गेले होते. दहा वर्षांनी त्यानं तोच, जवळजवळ शॉटला शॉट जुळवत, इंग्रजीत पुन्हा केला, तरी भांडण जिथल्या तिथं. ते तू एका रात्रीत मिटवणार?

काट मारलेलं एक वाक्य मला वाचता आलं: त्या कुटुंबातल्या लहान मुलाला गोळी लागते तेव्हा कॅमेरा स्वयंपाकघरात सँडविच करणाऱ्या, त्या दोघांतल्या एका पोरावर असतो आणि तुला त्या सँडविचचाच राग आला. हे मी कुठंही वाचलं नव्हतं. आधी आपलं लिहावं, मग लोकांचं वाचावं, हे किती वेळा सांगू?

मला हे उशिरा कळलं. गोळीनंतर तो दहाएक मिनिटांचा शॉट येतो ना, हातपाय बांधलेली आई उड्या मारत जाऊन टीव्हीवरची गाड्यांची शर्यत बंद करते, तिथं मी उठलो. घरी येऊन दुसऱ्यांची दोन परीक्षणं समोर ठेवली आणि अख्खा पाहिल्याच्या थाटात लिहिलं. 'प्रेक्षकाला आरसा दाखवणारी कलाकृती' वगैरे. छापूनही आलं. मग एका वाचकानं विचारलं, ते रिमोटचं दृश्य तुम्हाला फसवणूक नाही वाटली?

कसला रिमोट! आई बंदूक उचलून त्या दोघांतल्या एकाला उडवते, आपण मनात टाळ्या पिटतो, तेवढ्यात दुसरा रिमोट शोधून चित्रपटच मागे नेतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मी उत्तर दिलं नाही.

मजकूर त्याच रात्री द्यायचा होता, हेही खरं. आणि उठून जाणं हा काही गुन्हा नाही, आजही म्हणेन. 'सहन झालं नाही, निघालो' एवढंच लिहिलं असतं तरी ते माझं असतं.

पुढे पूर्ण पाहिला. हुशार वाटला, आणि उद्धटही. तो पोरगा आपल्याकडे बघून डोळा मारतो, तेव्हा अजून मला चीड येते. पण ही माझी चीड. तू ती उचलू नकोस.

पानं फाडली नाहीस ना? काट मारलेल्याखालचं पुन्हा उतरवून काढ आणि पाठव. तोवर एकही परीक्षण उघडायचं नाही. माझं तर नाहीच.