माणसात जनुकं जेमतेम २०,०००, मग कोट्यवधी प्रकारच्या अँटिबॉडीज येतात कुठून?

अँटिबॉडीचं जनुक अख्खं नसतंच, सुट्या तुकड्यांत असतं. १९७६मध्ये जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावांनी हे दाखवलं. १९८७चं नोबेल त्यालाच. गिरगाव चौपाटीवरचा भेळवाला आठवा: डबे मोजकेच, प्लेट दरवेळी वेगळी. अँटिबॉडी दोन प्रकारच्या प्रथिन-साखळ्यांची, जड आणि हलकी. अस्थिमज्जेत बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) घडताना जड साखळीसाठी सुमारे ४० व्ही, २३ डी आणि ६ जे अशा नावांच्या तुकड्यांतून एकेक उचलला जातो. झाले साडेपाच हजार प्रकार. हलक्या साखळीचे प्रकार वेगळेच. पण खरी गंमत तुकडे जुळतात त्या सांध्यावर! तिथे टीडीटी नावाचं एन्झाइम डीएनएची अक्षरं वाटेल तशी घुसडतं, न बघता शेव भुरभुरावी तसं. बरंचसं वैविध्य इथलंच. एक बी पेशी मात्र एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवते. त्यामुळे परळच्या लॅबमध्ये दिलेल्या ५ मिलि रक्तात तुमच्या बी पेशींच्या साठ्याचा चिमूटभर भागच येतो.