मीटिंगच्या नोंदी घ्यायला कोणतं एआय टूल घ्यावं? आमचं बोलणं मराठी-हिंदी-अहिराणी मिसळून असतं.

आधी मराठी नीट ऐकून लिहिणारं टूल निवडा, सारांश किती देखणा येतो ते नंतर बघा. जळगावला केळी पाठवणाऱ्या एका ऑफिसात इतिवृत्ताचं काम माझ्याकडे असतं, त्यावरून सांगतो. पैसे भरण्याआधी तुमच्याच मीटिंगचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग फुकटच्या प्लॅनवर टाका आणि एवढंच तपासा:

- आकडे
- माणसांची आणि गावांची नावं
- कोणी काय करायचं ठरलं

खरी गडबड आकड्यांत होते. 'पावणेदोनशे क्विंटल' म्हणजे १७५. टूलने तिथे २०० लिहिलं तर बाकीचा सारांश कितीही गुळगुळीत असो, उपयोग शून्य. अमळनेर-पारोळ्याकडचा माणूस अहिराणीत 'गाडी उनी नही' (गाडी आली नाही) म्हणाला की तर विचारूच नका. ओपनएआयच्या २०२२ मधल्या व्हिस्पर या बोलणं ऐकून लिहिणाऱ्या मॉडेलच्या भाषांच्या यादीत मराठी-हिंदी आहे, अहिराणी नाही. तरी मीटिंगमध्ये मालाच्या भावाची बोलणी होत असतील तर व्हिस्परच बघा, कारण ते ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर बसवून चालवता येतं आणि मग रेकॉर्डिंग बाहेर जात नाही. मात्र कोण बोललं हे ते स्वतःहून सांगत नाही. ती नावं हाताने टाकावी लागतात.

एक अट: मीटिंग झूम किंवा मीटवर नसून एका खोलीत, टेबलावर एकच मोबाइल ठेवून होत असेल, तर कुठलंही टूल घ्या, दोघं एकदम बोलले की मजकूर बिघडणारच. आणि रेकॉर्डिंग लावण्याआधी सगळ्यांना विचारा, बाहेरचा व्यापारी बसला असेल तर नक्कीच.