बरका आहे

प्रिय चिऊ,

रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल संपल्यावर तू विचारलंस, "ती दर वेळी 'बरी आहेस ना?' विचारते, तू दर वेळी 'बरका आहे' म्हणतेस आणि दोघी दर वेळी हसत सुटता. एकच जोक इतक्या वेळा कसा चालतो तुम्हाला?" मी भांडी घासत होते, 'नंतर सांगते' म्हणून सुटले. तोंडी सांगायला गेले तर मधेच हसू फुटेल, म्हणून लिहिते.

आधी फणस. तुला ठाऊक आहे तो टोरांटोच्या दुकानातला, डब्यातला, मिठाच्या पाण्यातला. ती कुयरी, म्हणजे अगदी कोवळा फणस. पिकणारा फणस दोन जातींचा. कापा आणि बरका. काप्याचे गरे घट्ट, कुरकुरीत, पाहुण्यांपुढे ताटलीत ठेवावेत असे. बरक्याचा गरा लिबलिबीत, तोंडात टाकला की चावायच्या आत घशाखाली जातो. चांगला पिकलेला बरका नुसत्या हातांनीही फुटतो, म्हणून प्रवासाला न्यायचा तर कापा न्यावा. कोकणात हे शेंबड्या पोरालाही कळतं.

माझ्या आजीला, म्हणजे तुझ्या पणजीलाही कळत होतं. पण पुण्याच्या आत्याला बरकाच आवडायचा. मी आठ वर्षांची होते, मे महिन्याची सुट्टी संपवून आम्ही चिपळूणहून रात्रीच्या एसटीने पुण्याला निघालो होतो. आजी, आजोबा, माझी आई, मी, चार वर्षांचा तुझा मामा आणि फणस. टपावर टाकला तर फुटेल, म्हणून आजीनं तो गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि वरून पदर घातला. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद, आत मिणमिणता दिवा.

कुंभार्ली घाट चढताना कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला. एसटीत पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नसतं, पाच ते बाराला अर्धं. त्यानं मामाकडे पाहिलं, मग गोधडीकडे. "आजी, एवढं गुंडाळलंय लेकराला. बरं आहे ना?"

आजीला कानानं जरा कमी ऐकू यायचं. तिला वाटलं, हा फणसाची जात विचारतोय.

"बरका आहे," ती म्हणाली. "कापा असता तर एवढं जपलं नसतं."

कंडक्टर घाटावरचा. कापा-बरका त्याच्या गावीही नव्हतं. त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. तो हळूच वाकला आणि गोधडीचं टोक उचलायला हात पुढे करणार, तेवढ्यात वळणावर ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. लेकरू आजीच्या मांडीवरून सुटलं, पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटलं आणि फुटलं.

तेव्हा कुणीही हसलं नाही हं. आजोबांनी आजीशी पुण्यापर्यंत शब्द काढला नाही. माझ्या नव्या फ्रॉकला, कंडक्टरच्या तिकिटांच्या पेटीला, पुढच्या गृहस्थांच्या धोतराला, सगळ्याला रस आणि चीक. चीक पाण्यानं जात नाही, तेल लागतं. मागच्या एका बाईंनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि ती गाडीभर फिरली. पाटणला गाडी थांबली तेव्हा आजीनं उरलेले गरे सगळ्यांना वाटून टाकले. कंडक्टरनं चार खाल्ले आणि आठळ्या भाजून खायला म्हणून रुमालात बांधून घेतल्या.

पहिल्यांदा हसू आलं ते चार-पाच महिन्यांनी, दिवाळीत. फराळाला बसल्यावर आत्यानं आजोबांना विचारलं, "बरं आहे ना सगळं?" आणि इतके दिवस धुमसत असलेले आजोबा अगदी गंभीरपणे म्हणाले, "बरका आहे." आजीच्या तोंडातला चिवडा उडाला. तेव्हापासून आमच्या घरात या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही. गेल्या वर्षी आजोबा दवाखान्यात होते. नव्या डॉक्टरांनी विचारलं, "काय आजोबा, बरं ना?" त्यांनी नाकातल्या नळीसकट तेच उत्तर दिलं. डॉक्टर गोंधळले, पण माझ्या आईला कळलं की माणूस शुद्धीवर आहे.

तुझं म्हणणं की जोक एकदा कळला की संपतो. खरं आहे, पण शेवट ऐकायला इथे कुणी बसतच नाही गं. जो तो आपल्या वाक्याची वाट बघत असतो. धोतर आजोबांचं, तेलाची बाटली माझी, 'कापा असता तर' हे आजीचं होतं. ती गेल्यावर पहिल्या मे महिन्यात गोष्ट तिथे येऊन थांबली. सगळे गप्प. मग माझ्या आईनं ते वाक्य म्हटलं, सासूच्याच चढ्या आवाजात. आता ते तिचं.

कंडक्टरचं काम मामाकडे आहे. पुढच्या मे महिन्यात आपण जाऊ तेव्हा तो तुला सगळं उभं राहून, हातवारे करून सांगेल. कंडक्टरला मिशा होत्या, अंगठी होती, तो घाबरून मागे पडला, असं बरंच काही. खरं म्हणजे पूर्ण घाटभर मामा माझ्या मांडीवर घोरत होता, फणस फुटला तरी उठला नाही. पण हे त्याला सांगू नकोस.

तुझी,
आई