मेंटेनन्सच्या धंद्यात माणूस घेताना वय बघावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इमारत देखभालीचा पाच-सहा माणसांचा धंदा आहे, विशीतली पोरं कामचुकार निघतात, पन्नाशीपुढची माणसं कष्टाळू पण हळू आणि नवीन शिकायला नाखूश, तर पुढच्या वेळी माणूस घेताना वयाची अट घालावी का?

नको. उत्तर इथेच संपलं, पुढचं वाचायची सक्ती नाही. पण तुम्ही 'कामचुकार' हा शब्द वापरलात आणि मला अकरा वर्षांपूर्वीचा एक संप आठवला. संप म्हणजे हरताळ नव्हे, सांडपाण्याचा संप. तळघरातला, तीन मीटर खोल.

तेव्हा मी 41 चा होतो. धंदा माझा आणि थोरल्या चुलतभावाचा, दोघांचा. ते 57 चे. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही. हाताखाली एक प्लंबर काका, वय 61, आणि दोन पोरं. त्यातलं एक 22 वर्षांचं, लागून तीनच महिने झाले होते. त्याच आठवड्यात ते दोनदा उशिरा आलं होतं, कानात कायम इयरफोन, आणि पाना वापरला की जिथे वापरला तिथेच ठेवायची सवय. त्याला चांगलं म्हणायला मी आलेलो नाही.

संपातला सबमर्सिबल पंप अडकला होता. टँकर बोलावून वरचं पाणी उपसलं, तळाला गुडघाभर गाळ राहिला. असा पंप काढायला खरं तर कुणी खाली उतरायचं नसतं. पंपाला साखळी असते, तिचं वरचं टोक झाकणापाशी हुकाला लावलेलं असतं. ओढली की पंप गाइड पाइपवरून सरकत वर येतो. आमच्या इथे हूक रिकामा होता. साखळी तळाला, गाळात. ही साखळी लक्षात ठेवा.

दादांनी त्या पोराला सांगितलं, उतर आणि साखळीला दोर बांध. ते म्हणालं, "आधी ब्लोअर लावा, माझ्या कमरेला पट्टा आणि दोर बांधा, आणि वर एक माणूस फक्त माझ्यावर लक्ष ठेवायला थांबवा. मग उतरतो." ब्लोअर, म्हणजे आत ताजी हवा सोडणारा पंखा, आमच्याकडे नव्हता. दादांनी मेणबत्ती पेटवून सुतळीने खाली सोडली. ती जळत राहिली. "झालं समाधान?"

"दादा, मेणबत्ती ऑक्सिजनचं सांगते, तेही धड नाही. सडक्या अंड्यासारखा वास येतो त्या गॅसचं तिला काही कळत नाही."

"मग येतोय का वास तुला?"

"मघाशी येत होता. आता येत नाही. म्हणून तर म्हणतोय."

दादा म्हणाले, मी तीस वर्षं असल्या खड्ड्यांत उतरतोय, तू मला शिकवू नकोस, उतरायचं नसेल तर घरी जा. पोराने पिशवी उचलली आणि खरंच गेलं. मी तिथेच उभा होतो, पन्नास टक्क्यांचा भागीदार. एक शब्द बोललो नाही.

मग काका उतरले. दहा-बारा मिनिटं लागली. साखळी शोधली, दोर बांधला, वर आले. काही झालं नाही.

खरी गोम इथे आहे. काही झालं असतं तर वाद तिथेच मिटला असता. काहीच झालं नाही, म्हणून दादा जिंकले, आणि त्यानंतर अकरा वर्षं कुणी शिडीवर चढायला का-कू केली, कुणी मास्क मागितला, की "त्या संपावाल्या पोरासारखं करू नकोस" हे ठरलेलं. तुमच्या प्रश्नात मला तोच सूर ऐकू आला. राग मानू नका.

पोराचं म्हणणं किती बरोबर होतं ते मला नंतर वाचून कळलं. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तोच सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस, हवेपेक्षा जड, तळाला बसतो. थोडा असला तर वास येतो, दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं, आणि माणसाला वाटतं हवा सुधारली. शिवाय गॅस गाळात अडकून असतो, पाय घालून ढवळला की सुटतो. म्हणजे वरून आधी तपासलेली हवा उतरल्यावर तीच राहील असं नाही. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला की जागा धोक्याची धरतात, आणि मेणबत्ती त्याच्याही बऱ्याच खालपर्यंत मजेत जळते. खाली मिथेन साठलेला असला तर ज्योत सोडणं म्हणजे तर आत्महत्याच. आणखी एक आकडा. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने 1986 मध्ये लिहून ठेवलंय की अशा बंदिस्त जागांतल्या मृत्यूंमध्ये 60 टक्क्यांहून जास्त माणसं आधी पडलेल्याला वाचवायला उतरलेली असतात. म्हणजे त्या दिवशी काका खाली पडले असते तर त्यांच्यामागून मी उतरलो असतो. विचार न करता. मी स्वतःला ओळखतो.

आता काकांचं. त्या संध्याकाळी हत्यारं गाडीत भरताना ते मला म्हणाले, "मलाही उतरायचं नव्हतं. पण ते पोरगं नाही म्हणालं तर त्याला दुसरीकडे काम मिळेल. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, म्हातारा झाला."

याला आम्ही जुन्या माणसांची निष्ठा म्हणत होतो. तुम्ही ज्याला कष्टाळू म्हणता त्यातला किती भाग कामाची ओढ आहे आणि किती भाग दुसरीकडे कुणी घेणार नाही ही धास्ती, ते एकदा तपासून बघा. पोरांचं उलटं असतं. त्यांना परवडतं म्हणून ती तोंडावर नाही म्हणतात, आणि आपल्याला ते उर्मट वाटतं.

हळू कामाचंही तसंच. आमच्याकडे एक रंगारी होता, साठीला आलेला. त्याच्या भिंतींवर पुट्टीचे खड्डे राहायला लागले आणि दादांचं सुरू झालं, आता याचं लक्ष नाही कामात. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. मी एक हॅलोजन आणला, भिंतीला आडवा उजेड पडेल असा ठेवला, आणि त्याला जवळचा चष्मा करायला लावला. खड्डे गेले. लक्ष जागच्या जागी होतं.

माझी पुतणी, म्हणजे दादांचीच मुलगी, मनुष्यबळाचा विषय शिकलीय. तिने एकदा दादांसमोरच सांगितलं की 2017 साली झेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 77 अभ्यास एकत्र करून पाहिले, पण कामाच्या निष्ठेत पिढ्यांनुसार फरक सापडला नाही. दादा म्हणाले, त्यांना माझ्या साइटवर पाठव. एक गोष्ट मात्र तिने तुमच्या बाजूची सांगितली. इंग आणि फेल्डमन यांनी 2012 मध्ये वयस्कर कामगारांविषयीचे सहा समज तपासले. पाच टिकले नाहीत. टिकला तो एवढाच की नवीन प्रशिक्षण घ्यायला ती माणसं जरा मागेपुढे करतात.

खरं आहे ते. काकांनी आयुष्यभर जीआय, म्हणजे लोखंडी पाइपला आटे पाडले, पीपीआर, म्हणजे प्लास्टिकचे पाइप तापवून जोडायच्या मशीनला हात लावायला तयार नव्हते. "प्लास्टिक काय वितळवायचं." मग एका सुट्टीच्या दिवशी मी मशीन आणि उरलेले तुकडे त्यांच्या घरी ठेवून आलो, शिकवायला कुणालाही न पाठवता. सोमवारी ते येऊन पोरांना ओरडत होते की 260 अंश झाल्याशिवाय पाइप घालायचा नाही, 20 मिमीला मोजून पाच सेकंद, आणि जोडल्यावर पिळायचा नाही. पोरं अंदाजाने करायची. काका अजूनही तोंडाने मोजायचे. अडचण शिकण्याची नव्हती. चाळीस वर्षं मिस्त्री म्हणवून घेतल्यावर विशीतल्या हेल्परसमोर चुकायची होती.

तुम्ही काय करावं म्हणाल, तर वय सोडा आणि आधी पैसे कसे देता ते बघा. उक्तं काम दिलंत की प्रत्येक वयाचा माणूस घाई करणार. क्यूरिंगला, म्हणजे सिमेंट पक्कं व्हायला, सात दिवस पाणी मारायचं तो तीन दिवस मारणार, वॉटरप्रूफिंगवर निदान 24 तास पाणी साठवून बघायचं तो बादलीभर ओतून फोटो काढणार, कारण त्याचं पुढचं काम अडलंय. पोरांना आळस म्हणून आणि म्हाताऱ्यांना अनुभव म्हणून आपण एकच चोरी दोन नावांनी ओळखतो. दुसरं, नाही म्हणायचा हक्क द्या आणि तो वापरणाऱ्याची मजुरी कापू नका. (त्या पोराची दादांनी कापायला सांगितली होती. मी पाठवली. एवढं एकच त्या दिवशी नीट केलं.) तिसरं, ब्लोअर आणि गॅस मोजायचं यंत्र घ्या. आम्ही ते संपानंतर दोन वर्षांनी घेतलं आणि दादा त्याला अजून खेळणं म्हणतात. दादा, ते खेळणं गेल्या पावसाळ्यात झाकण उघडल्या उघडल्या कोकललं, तेव्हा तुम्हीच चार पावलं मागे सरकला होता.

हां, काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. तरुण पोरांतही खरोखर कामचोर असतात, मी निदान सहा जणांना काढलंय, त्यातला एक तर संपूर्ण दुपार पाण्याच्या टाकीमागे झोपायचा. वयस्करांतही असतात. पण ते पकडले जात नाहीत, कारण त्यांना कामात दिसायचं कसं ते माहीत असतं. आणि वयाने काहीच फरक पडत नाही असंही मी म्हणत नाही. साठीतला माणूस शिडीवरून पडला तर विशीतल्यासारखा तीन आठवड्यांत परत येत नाही. उंचीचं काम वाटताना वय बघाच. कामावर घेताना नको. जाहिरातीत वय छापण्याआधी तुमच्याकडचा कायदा बघा. अमेरिकेत 1967 च्या कायद्यानुसार चाळिशीच्या पुढच्यांना वयावरून नाकारता येत नाही. वीस माणसांपेक्षा लहान धंद्याला तो कायदा लागत नाही, पण म्हणून तुम्ही सगळीकडे सुटाल असं नाही.

आता साखळी. संपाच्या आदल्या वर्षी तो पंप बसवला तेव्हा शेवटी मी होतो. दिवस मावळला होता, पाठ धरली होती, हुकाचा आकडा लहान पडत होता. दुसरा आणायला दुकानापर्यंत जावं लागलं असतं. मी साखळीचं टोक तसंच झाकणाच्या कडेला टेकवलं, म्हटलं उद्या येऊन लावू. उद्या दुसरीच साइट निघाली. ती घसरून खाली गेली असणार. काका ज्यासाठी उतरले आणि पोरगं ज्यासाठी घरी गेलं, ती साखळी मी सोडली होती. वय 40. कामचुकार.

हे दादांना मी अजून सांगितलेलं नाही. ते इथे येत नाहीत, पुतणी येते. वाचलंस तर सांग त्यांना, पण मी साइटवर असताना नको.