वाचकांचे प्रश्न : ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहून ‘जागतिक नागरिकत्व’ शिकवायचं कसं?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मूळची इचलकरंजीची. लग्नाआधी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात चार वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, राज्यशास्त्र शिकवलं. आता न्यू जर्सीत आहे. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, इतकी वर्षं घरीच होते. ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात आल्यावर इथल्या एका सरकारी कॉलेजात अर्ज टाकला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फोन आला, पहिल्या वर्षाच्या मुलांचा ‘ग्लोबल सिटिझनशिप’चा सेमिनार घ्याल का? अ‍ॅडजंक्ट (सत्रापुरती कंत्राटी शिक्षिका) म्हणून, तीन क्रेडिट, वीस मुलं, सकाळी साडेआठची वेळ. मी हो म्हटलं आणि तेव्हापासून झोप नाही. आम्ही नऊ वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. इथं मत देता येत नाही, तिकडं मतदानाला जाणं होत नाही. मी कुठल्या तोंडानं या मुलांना नागरिकत्व शिकवू? सुरुवात ‘वसुधैव कुटुंबकम्’नं करावी असं मनात आहे, ते बरं दिसेल का? आणि मिस्टर म्हणतात, एवढ्याशा पैशात एवढी तयारी करू नकोस. त्यांचं बरोबर आहे का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चौदा वर्षांपूर्वी मीही अशीच ऑगस्टात हो म्हणून बसले होते, आणि पहिल्या तासाला जाताना जिन्यात थांबून पाणी प्यायले होते.

आधी तोंडाचा प्रश्न. ज्याला नागरिकत्व जन्मतःच मिळालं त्याला ते दिसत नाही, जसा घरातल्या माणसाला घराचा वास येत नाही. तुम्हाला ते रोज दिसतं. कुठल्याही एका देशाच्या लोकांना वर्षाच्या रोजगाराधारित ग्रीन कार्डांपैकी साधारण सात टक्क्यांच्या वर मिळत नाहीत, म्हणून भारतातल्या माणसाला नऊ वर्षं थांबावं लागतं आणि त्याच दिवशी अर्ज केलेल्या दुसऱ्या देशाच्या माणसाला लागत नाही, हे तुम्हाला पुस्तकातून काढावं लागणार नाही. फक्त हे पहिल्याच तासाला सांगू नका. मुलांना आधी तुमची शिक्षिका म्हणून ओळख होऊ दे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, विषय तिथं पोचला की, दोन वाक्यांत सांगा आणि पुढं जा.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्या हातून होऊ नये असं मला मनापासून वाटतं. माझं दुसरं वर्ष होतं. मी मुलांना फळ्यावर लिहायला सांगितलं, तुमचा पासपोर्ट कुठला आणि तुम्ही किती देश पाहिलेत. मला वाटलं, छान ओळख होईल. खडू हातोहात फिरला. खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीनं तो न लिहिताच पुढच्याकडे दिला आणि नंतर दोन आठवडे ती वर्गात आली नाही. नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या 13व्या कलमावर निबंध होता. प्रत्येकाला कुठलाही देश, स्वतःचासुद्धा, सोडून जाण्याचा आणि आपल्या देशात परत येण्याचा हक्क आहे, असं ते कलम. तिनं लिहिलं की तिची आजी मेक्सिकोत पुएब्ला इथं वारली. घरातलं कोणी गेलं नाही, कारण गेलं तर इथं परत येता आलं नसतं. वडिलांनी फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता, सगळ्यांनी त्यावर माती देताना पाहिलं, आणि मध्येच बॅटरी संपली. चार्जर दुसऱ्या खोलीत होता. तो आणेपर्यंत सगळं उरकलं होतं.

ते पान मी अजून विसरलेले नाही. तिला दोन वर्षांची असताना इथं आणलेलं. तिच्यासमोर मी पासपोर्टचे रंग मोजायला लावले होते. तेव्हापासून माझा नियम आहे, आणि तुम्हीही तो पाळा. वर्गात कोणालाही त्याची कागदपत्रं, व्हिसा, जन्मदेश उघड करायला लावायचं नाही. स्वतःहून बोलला तर ऐकायचं, आणि ते वर्गाबाहेर न्यायचं नाही. पासपोर्टवर तास घ्यायचाच असेल तर नान्सेन पासपोर्टवर घ्या. पहिल्या महायुद्धानंतर आणि रशियन क्रांतीनंतर ज्यांना कुठलाच देश उरला नव्हता अशा लोकांसाठी त्या वेळच्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) फ्रिट्यॉफ नान्सेननी 1922 मध्ये तो कागद सुरू केला. मुलं त्या कागदावर अगदी मोकळेपणानं बोलतात, कारण तो त्यांच्यापैकी कोणाचाच नसतो. आणि ज्याला आतून कळायचं त्याला कळतं.

‘वसुधैव कुटुंबकम्’नं सुरुवात करू नका. वाक्य सुंदर आहे, पण सकाळी साडेआठला अठरा वर्षांची मुलं सुंदर वाक्याला मान डोलावतात आणि वहीत उतरवून घेतात, संपलं. वाद घालायला त्यात काही सापडत नाही. त्याऐवजी त्याच जाहीरनाम्याचं पहिलं कलम द्या, सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं सांगणारं. आधी ‘ऑल मेन’ असा शब्द होता, तो ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ व्हायला भारताच्या हंसा मेहतांचा आग्रह कारणीभूत ठरला. एलिनॉर रूझवेल्ट अध्यक्ष असलेल्या मानवी हक्क आयोगात त्या सभासद होत्या. जाहीरनामा 10 डिसेंबर 1948 ला पॅरिसमध्ये मंजूर झाला, 48 मतं बाजूनं, विरोधात एकही नाही, आठ देश तटस्थ. मी दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि विचारते, पहिल्या वाक्यात कोण बाहेर राहिलं असतं? मग गप्प बसते. ही शांतता तुम्हाला जड जाईल. आपल्याकडे मास्तर गप्प बसला की धडा संपला असं समजतात. मनात वीसपर्यंत मोजा. कोणीतरी बोलतंच. आणि त्या तटस्थ आठांत दक्षिण आफ्रिका आणि सौदी अरेबिया का होते, हे शोधायला लावलं की पुढचा आठवडा निघतो.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे. तुम्ही इचलकरंजीच्या. तिथं 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आला, आणि मागांचा खडखडाट तुम्ही लहानपणापासून ऐकलाय. तुमच्या घरापासून मोटारीनं तासाभराच्या आत पॅटरसन आहे. पसेइक नदीचा मोठा धबधबा आहे तिथं, त्याच्या पाण्यावर गिरण्या निघाल्या आणि गावाला ‘सिल्क सिटी’ नाव पडलं. कच्चं रेशीम जपानहून यायचं, विणणारी माणसं इटलीतून, पोलंडमधून, जर्मनीतून आलेली. 1913 च्या फेब्रुवारीत तिथं संप झाला. कारण काय, तर आतापर्यंत दोन माग सांभाळणाऱ्या विणकरानं चार सांभाळावेत असं मालकांचं म्हणणं. तुम्हाला यावर टीप लागणार नाही, मला माहीत आहे. दोनाचे चार झाले की शेजारच्या माणसाचं काय होतं, हे तुम्ही बघत मोठ्या झालात.

सुमारे 25,000 माणसं पाच महिने कामावर गेली नाहीत. पॅटरसनमध्ये सभा घेऊ देईनात, तेव्हा शेजारच्या हॅलेडन गावात पिएत्रो आणि मारिया बोत्तो या इटालियन विणकर जोडप्यानं आपलं घर दिलं. वरच्या मजल्याच्या गॅलरीतून भाषणं व्हायची आणि खाली मैदानात हजारो लोक उभे. कामगार पुढारी एलिझाबेथ गर्ली फ्लिन तिथं बोलली, तेव्हा ती विशीतच होती. संप फसला. मुलांना हेही सांगा, लपवू नका. पण वेगवेगळ्या भाषा बोलणारी, एकमेकांची भाकरीसुद्धा न खाणारी माणसं पाच महिने एका बाजूला कशी उभी राहिली, हा प्रश्न ‘ग्लोबल सिटिझनशिप’च्या कुठल्याही व्याख्येपेक्षा मोठा आहे. ते घर अजून आहे, त्याचं संग्रहालय केलंय. मी दर सत्रात मुलांना तिथं घेऊन जाते. त्या गॅलरीत एक-एक जण उभा राहतो आणि आपल्या आजी-आजोबांचं काम काय होतं ते एका वाक्यात सांगतो. कोणाला सांगायचं नसेल तर नुसतं उभं राहायचं. बांगलादेशी, पेरूवियन, डॉमिनिकन, अरब, सगळी मुलं असतात, कारण आजचं पॅटरसन त्यांचंच आहे. तुम्हीही सांगा. मागाचं सांगा. तिथून 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ साभारला कोसळलेल्या राणा प्लाझा या कपड्यांच्या कारखान्यांच्या इमारतीपर्यंत आणि 1911 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आगीत 146 जीव गेलेल्या ट्रायँगल या कपड्यांच्या कारखान्यापर्यंत मुलं स्वतःच जातात. सांगावं लागत नाही.

आता मिस्टरांचं म्हणणं. ते निम्मं बरोबर आहेत आणि त्या निम्म्याकडे दुर्लक्ष करू नका. मला पहिल्या सत्राचे 4,200 डॉलर मिळाले होते, सगळे मिळून. आरोग्यविम्याच्या नियमासाठी इथल्या करखात्यानं 2014 मध्ये जो हिशोब मान्य केला त्यात अ‍ॅडजंक्टचा वर्गातला एक तास म्हणजे सव्वादोन तासांचं काम धरलंय. तीन तासांचे पावणेसात होतात. तुम्ही सीएचबीवर राबलेल्या बाई, तुम्ही पंधरा तास घालाल, आणि तिसऱ्या आठवड्यापासून घरी चिडचिड सुरू होईल. म्हणून कामच कमी आखा. वीस मुलांचे तीन-तीन निबंध म्हणजे साठ, प्रत्येकी वीस मिनिटं म्हणजे नुसते वाचायलाच वीस तास. दोनच निबंध ठेवा. बाकी दर तासाच्या शेवटी एका कार्डावर हातानं चार ओळी लिहून घ्या. ती कार्डं मी बसमध्ये वाचते. मुलाच्या हाताचं अक्षर असतं, मशीनकडून लिहवून आणलेलं नसतं, आणि कोण खचतंय ते मला सहामाही परीक्षेच्या आधी कळतं.

तुम्हाला बसायला खोली मिळणार नाही. मी विद्यार्थी-भवनात मायक्रोवेव्हशेजारचं टेबल धरलं आणि सिलॅबसवर ‘ऑफिस अवर्स’च्या पुढं तेच छापलं. मुलं डबा गरम करायला यायची, गरम होईपर्यंत बसायची आणि बोलायची. ज्या मुलांच्या घरात आधी कोणी कॉलेजला गेलेलं नाही त्यांना ‘ऑफिस अवर्स’ म्हणजे काय तेच माहीत नसतं. ‘या वेळात मी रिकामी बसलेली असते, तुमच्यासाठी’ असं स्पष्ट सांगा.

कॉलेजात अ‍ॅडजंक्टची युनियन आहे का, ते पहिल्याच दिवशी विचारा. न्यू जर्सीच्या सरकारी कॉलेजांत बहुतेक असते. रटगर्स या इथल्या सरकारी विद्यापीठात एप्रिल 2023 मध्ये 257 वर्षांतला पहिला प्राध्यापकांचा संप झाला तेव्हा अ‍ॅडजंक्ट पूर्णवेळवाल्यांच्या शेजारी उभे होते, आणि त्यांचा दर क्रेडिटमागचा पगार वाढला. आणि ईएडीवरची तारीख आजच बघा. ती सत्राच्या मध्ये संपत असेल तर विभागाला आत्ताच लेखी कळवा.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सला गेलाय. पहिल्याच सत्रात त्याला ‘ग्लोबल सिटिझनशिप’ नावाचा सेमिनार सक्तीचा आहे आणि त्यात त्याला ‘सी’ मिळालाय. डॉलर मोजून हे कशाला? मी त्या बाईंना दोन मेल केल्या, उत्तर नाही. अशी कशी ही माणसं?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, त्या बाई उद्धट नाहीत. 1974 च्या फर्पा नावाच्या कायद्यानं त्यांचे हात बांधलेत. कॉलेजात गेलेल्या मुलाचे गुण त्याच्या लेखी संमतीशिवाय सहसा आईवडिलांनाही सांगता येत नाहीत, फी तुम्ही भरलीत तरी त्यांना तशी मुभा नाही. बहुधा त्याही अ‍ॅडजंक्ट असतील, दोन-तीन कॉलेजांत फिरत असतील. तुमची मेल वाचून त्यांना वाईटच वाटलं असेल.

हा सेमिनार कशासाठी, ते सांगते. साउथ कॅरोलिना विद्यापीठात 1970 मध्ये विद्यार्थ्यांचा मोठा उद्रेक झाला, व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते. त्यानंतर 1972 मध्ये त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी एक छोटा वर्ग सुरू केला, जिथं मुलांना कोणीतरी नावानं ओळखेल. आता बहुतेक कॉलेजांत तसा वर्ग असतो, विषय वेगवेगळे. तुमच्या मुलाच्या कॉम्प्युटरच्या वर्गात दोनशे जण असतील. तो आठवडाभर आला नाही तर तिथं कोणाला कळणार नाही. या वर्गात कळेल. परदेशात पहिल्या वर्षी एकट्या असलेल्या मुलासाठी मला तरी ही गोष्ट डॉलरांच्या मोलाची वाटते.

‘सी’चं म्हणाल तर आपली मुलं या वर्गात बऱ्याचदा एकाच कारणानं मागं पडतात. ती बोलत नाहीत. उत्तर पक्कं असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे आपणच शिकवलंय त्यांना. त्याला सांगा, ऑफिस अवर्सना जाऊन बस, तक्रार करायला नको, आपला निबंध घेऊन जा आणि कुठं कमी पडलो ते विचार. बाईंना आता तुम्ही मेल करू नका. त्याला करू दे, दोन ओळींची, त्याच्या कॉलेजच्या पत्त्यावरून.