देवाने मारायला सांगितलं तर?

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला पण विषय दोन ओळींत संपणारा नव्हता म्हणून आज निवांत बसून लिहितेय. युथ मीटिंगमध्ये लीडरने विचारलं की उद्या देवाने सांगितलं अमक्याचा जीव घे तर कोण कोण तयार आहे, सगळ्यांनी हात वर केले, तुझाच खाली राहिला आणि तेव्हापासून तुला वाटतंय आपला विश्वासच कच्चा आहे. तसं काही नाहीये. माझं उत्तर आधीच सांगून टाकते, नाही मारायचं. आवाज कितीही स्पष्ट ऐकू आला तरी नाही. आणि हे मी विश्वास बाजूला ठेवून नाही म्हणत, विश्वास आहे म्हणूनच म्हणतेय.

तुम्हाला अब्राहामाचं उदाहरण दिलं असणार, देवाने सांगितलं म्हणून तो पोटच्या पोराचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघाला ते; दरवेळी तेच देतात. पण बायबलमधला उत्पत्तीचा २२ वा अध्याय घाईने वाचू नकोस. तिसऱ्या दिवशी डोंगर लांबून दिसतो, मग चढताना लाकडं पोराच्याच अंगावर, बापाच्या हातात विस्तव आणि सुरा, आणि पोरगं विचारतं, बाबा, विस्तव आहे, लाकडं आहेत, पण होमार्पणाचं कोकरू कुठंय? या प्रश्नापाशी माझा गळा आजही दाटतो. पुढे देवदूत हाक मारतो आणि अब्राहाम तिथल्या तिथे थांबतो, मला आज्ञा खुद्द देवाने दिली होती तू कोण थांबवणारा असा वाद तो घालत नाही. लोकांना सुरा उचललेला लक्षात राहतो, खाली ठेवलेला राहत नाही. नंतर कित्येक पिढ्यांनी यहूदाचे लोक हिन्नोमच्या खोऱ्यात स्वतःची लेकरं आगीत द्यायला लागले तेव्हा यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून देव काय म्हणतो ते सातव्या अध्यायात बघ, हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आता अवघड भाग. १ शमुवेल १५ मध्ये इस्राएलच्या शौल राजाला शत्रू असलेले अमालेकी लोक बायकापोरांसकट मारायला सांगितलंय, तान्ही बाळंही. हे मी तुला गोड करून सांगणार नाही, मला ते जड जातं आणि तुलाही गेलं पाहिजे. संत ऑगस्टीनसारख्या मोठ्या माणसाने सुद्धा अब्राहाम आणि शमशोन (शत्रूंचं देऊळ स्वतःसकट त्यांच्यावर पाडणारा) यांना 'खून करू नको' या आज्ञेला अपवाद धरलंय, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत या प्रश्नावर एकच मत कधीच नव्हतं. पण आपण ख्रिस्ताचे ना, मग ख्रिस्त काय करतो ते बघू. लूक ९ काढ. शोमरोनी गाव येशूला उतरू देत नाही, त्याचे शिष्य याकोब आणि योहान चिडतात, म्हणतात आकाशातून आग पाडून यांना भस्म करू का? त्यांच्याकडे शास्त्राचा आधार होता बरं का, एलीया संदेष्ट्याने तशी आग पाडलेली. येशू वळून त्यांनाच धमकावतो आणि सगळे दुसऱ्या गावाला जातात. दाखला होता, आवेश होता, तरी नाही म्हणाला. गेथशेमाने बागेत येशूला धरायला आले तेव्हा शिष्य पेत्राने उपसलेली तलवार पण त्यानेच म्यानात घालायला लावली.

आणि असे हात वर करणारे इतिहासात कमी नाही झाले. १०९५ साली फ्रान्समधल्या क्लेरमाँला पोपने धर्मयुद्धाची हाक दिली तेव्हा लोक देवाची इच्छा, देवाची इच्छा ओरडत निघाले आणि १०९९ ला यरुशलेम घेतल्यावर मुसलमान आणि यहुदी दोघांचीही कत्तल केली. अगदी अलीकडचं म्हणशील तर फ्लोरिडातला पॉल हिल, एकेकाळचा पाळक, त्याने १९९४ मध्ये गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला आणि त्याच्या सोबत्याला गोळ्या घातल्या, २००३ मध्ये फाशीच्या... म्हणजे विषारी इंजेक्शनच्या शिक्षेपर्यंत त्याला पश्चात्ताप नव्हता. त्याची खात्री पक्की होती रे, कच्ची नव्हती! योहान १६ मध्ये प्रभूने सांगूनच ठेवलंय, तुम्हाला मारणाऱ्याला वाटेल आपण देवाची सेवा करतोय.

कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९८ मध्ये लिहिलं की अब्राहामाने असं उत्तर द्यायला हवं होतं, माझ्या मुलाला मारू नये हे मला नक्की माहितीये, पण तू देव आहेस हे नक्की नाही. मला हे पटतं. १ योहान ४ तरी काय वेगळं सांगतं, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारख करा. पारख कशाने, तर ख्रिस्ताने. जो आवाज ख्रिस्ताच्या उलट बोलतो तो त्याचा नाही.

सैन्य, पोलीस, स्वतःचा बचाव हे प्रश्न वेगळे, त्यावर नंतर बोलू.

एक मात्र आजच सांगते. तुमच्या ग्रुपमधला कुणी खरंच म्हणाला की मला कुणालातरी किंवा स्वतःलाच मारायला सांगणारा आवाज येतो, तर त्याला भुताचं नाव देऊ नका, उपासाला बसवू नका, हसू तर मुळीच नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगून मानसोपचार डॉक्टरकडे न्या, प्रार्थना सोबत चालू ठेवा, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. मला रात्री कितीही वाजता फोन कर, मी येते.

तुझी,
मावशी